‘वॉरंटी सील’ लावलेलं गिटारचं तयार वायरिंग घेताय? आधी हे वाचा

घरी इलेक्ट्रिक गिटार जुळवणारे बरेच जण बॉडी घासतात, पॉलिश करतात, नेक बसवतात आणि वायरिंगपाशी येऊन अडतात. सोल्डरिंगची, म्हणजे कथील वितळवून वायर जोडण्याची, धास्ती असते. त्या धास्तीवर काही लोकांचं दुकान मजेत चालतं. स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारसाठी मी असंच एक तयार वायरिंग मागवलं. पिकगार्डवर, म्हणजे बॉडीवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यावर, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारे, चुंबक आणि तारेची एकच गुंडाळी असलेले भाग), पाच पोझिशनचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन आणि जॅक, सगळं जोडून. किंमत साडेअकरा हजार. जाहिरातीत अल्निको ५ या मिश्रधातूच्या चुंबकाचे पिकअप, सीटीएस या अमेरिकन कंपनीचे २५० के (किलोओहम) ऑडिओ टेपर पॉट (बटणाखालचा बदलता रोध; टेपर म्हणजे बटण फिरवताना तो कसा बदलतो ते) आणि टोनसाठी जुन्या धाटणीचा तेल-कागदाचा कपॅसिटर असं सगळं छातीठोकपणे लिहिलं होतं. फोटो मागितले, ते आले. पिकअपला मल्टिमीटर लावलेला व्हिडिओसुद्धा आला, आकडा ६ किलोओहमच्या आसपास. बरोबरच होता.

पार्सलमधला माल मात्र काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. पॉटच्या पाठीवर टेप, कपॅसिटरवर टेप, पिकअपच्या तळाला टेप आणि प्रत्येक टेपवर चकचकीत स्टिकर: ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’. सगळी मेख इथेच आहे. फसवणूक सिद्ध करायची तर सील तोडावं लागतं, आणि तोडलं की विक्रेता हात वर करतो.

गिटार लावली तर घुंऽऽ असा आवाज. सिंगल कॉइलला थोडी घरघर असतेच. पण मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा असेल, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी ती बरीचशी मरते. जाहिरातीत तेही आश्वासन होतं. इथे पाचही जागी सारखीच घरघर. शिवाय व्हॉल्यूमचं बटण १० वरून ३ वर आणलं तरी आवाज फारसा उतरेना, आणि त्याखाली एकदम गायब. विक्रेत्याला फोन केला.

“सर, तुमच्या घरचं अर्थिंग चेक करून घ्या.”

हे उत्तर फार हुशारीचं आहे, कारण आपल्याकडे निम्म्या घरांत अर्थिंगचं काही खरं नसतं आणि माणूस लगेच इलेक्ट्रिशियनच्या मागे लागतो. मी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ॲम्पला गिटार जोडली. घरघर तशीच. एरवी तारांना हात लावला की ती कमी होते, इथे फरक नाही. म्हणजे ब्रिजकडून (तारा जिथे अडकवतात त्या भागाकडून) येणारी ग्राउंडची वायरच नीट लागलेली नव्हती. हलकं ओढल्यावर ती सोल्डरच्या गोळीसकट हातात आली. पॉटची पाठ पुरेशी तापलीच नव्हती, गोळी वर नुसती बसली होती.

मग व्हिडिओ चालू ठेवून सगळी सीलं उघडली.

पॉटच्या पाठीवर ‘ए२५०के’ छापलेला छोटा कागद चिकटवला होता. नखाने खरवडला, तर खाली धातूवरच ठसठशीत ‘बी५००के’. म्हणजे रोध दुप्पट आणि टेपरही लिनिअर, सारख्या प्रमाणात बदलणारा. सुटा करून मोजला तेव्हा बटण बरोबर मध्यावर असताना मीटरने साधारण निम्मा रोध दाखवला. ऑडिओ टेपर असता तर दहा-पंधरा टक्के दाखवला असता. आवाज कर्कशही येत होता; तो का आणि बटण असं वेडंवाकडं का, दोन्हीचा उलगडा झाला. सीटीएसच्या पॉटवर कोड असतो, आणि जुन्यांवर तर १३७ हा निर्माता-क्रमांक ठळक दिसतो. इथे कोड नावालाही नव्हता. आणखी एक साधी खूण म्हणजे अमेरिकन पॉटचा आटे असलेला गळा पाऊण इंचाच्या निम्मा, साडेनऊ मिलिमीटरचा असतो. स्वस्त पॉटचा बारीक असतो, त्यामुळे तो पिकगार्डच्या भोकात डुगडुगतो. माझे तिन्ही डुगडुगत होते, खाली जाड वॉशर घालून आवळले होते.

पिकअपचा तळ उघडला तर गरम गोंदाने चिकटवलेल्या सिरॅमिकच्या पट्ट्या. स्ट्रॅटच्या अल्निको पिकअपमध्ये तारांखालचे सहा खांब स्वतःच चुंबक असतात, त्यामुळे तळाशी सहा गोल टोकं दिसतात आणि पट्टी नसते. सिरॅमिक वाईट असतं असं नाही हं. दिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप १९७० च्या दशकापासून सिरॅमिकवरच वाजतोय. पण पाचशे-हजारात मिळणारा संच अल्निकोच्या भावात विकणं ही सरळ लुबाडणूक आहे. व्हिडिओतला मीटरचा आकडाही निरुपयोगी ठरला, कारण तांब्याच्या तारेचा रोध खाली कुठलं चुंबक आहे ते सांगत नाही.

कपॅसिटर तर कळस. करंगळीएवढी काळी नळी, वर पिवळे पट्टे. ब्लेडने चिरली तर आत साधा तपकिरी कपॅसिटर, अंगावर २२३जे. म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारा. बाकी नळीत नुसता गोंद. तेल नाही, कागद नाही. खरं सांगायचं तर मूल्य तेच असेल तर टोनच्या सर्किटमध्ये कानाला फरक कळणं कठीण, त्यामुळे या ‘व्हिंटेज’ नळ्यांना हजारो रुपये मोजण्यात मुळातच दम नाही.

तयार वायरिंग घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी पिकअपच्या तळाचा आणि पॉटच्या पाठीचा उघडा फोटो मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. टेप काढायला नकार आला, तर तिथेच विषय संपवा. जीएसटीचं बिल मागा आणि त्यात ‘पिकअप संच’ असं मोघम नको, चुंबक आणि पॉटचं मूल्य लिहून घ्या. शक्य तर कार्डाने पैसे द्या. निदान चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मिळवण्याची, मागणी करता येते. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ ठेवा.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हे नोटिशीत मुद्दाम लिहिलं. चार ओळींनी चांगलाच फरक पडला. त्या पहिल्या फोननंतर फोनच न उचलणाऱ्या विक्रेत्याने स्वतःहून फोन केला आणि निम्मे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. अट एकच, याबद्दल कुठे लिहायचं नाही. मी नकार दिला. आता आयोगाकडे जायची कागदपत्रं तयार करतोय, आणि उघडलेला माल टेपच्या तुकड्यांसकट डब्यात जपून ठेवलाय.