सूरीनाममधले पूर्वज: शोध हेगमधून, पारामारिबोतून की थेट गावातून?

नेदरलँड्समधल्या मराठी माणसाला सरनामी, म्हणजे सूरीनामी हिंदुस्थानी, शेजारी किंवा सोयरे कधी ना कधी विचारतातच, "आमचे खापरपणजोबा हिंदुस्थानातून सूरीनामला, दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेले. त्यांचं गाव शोधायला मदत कराल का?" जरूर करा. फक्त शोध कुठून सुरू करायचा हे आधी ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: आधी घरबसल्या हेग, मग सूरीनामची राजधानी पारामारिबो आणि भारताचं तिकीट सगळ्यात शेवटी.

हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन नोंदसूची फुकट पाहता येते. १८७३ ते १९१६ या काळात कलकत्त्याहून सुमारे ३४ हजार करारबद्ध मजूर सूरीनामला गेले. 'लाला रूख' हे पहिलं जहाज जून १८७३ मध्ये पोचलं. एकेका मजुराच्या नोंदीत काय काय असतं पाहा: करार क्रमांक, जहाज, वय, जात, उंची, अंगावरची खूण, कुठल्या मळ्यावर पाठवलं आणि आपल्या कामाचं म्हणजे गाव, पोलीस ठाणं, जिल्हा. सोबत बायको, भाऊ किंवा मूल असेल तर बऱ्याचदा त्याचाही उल्लेख सापडतो. घरच्या जुन्या कागदांवर करार क्रमांक मिळाला तर निम्मं काम झालंच म्हणा.

अडतं ते नावावर. त्या काळी बहुतेकांचं एकच नाव होतं, आडनाव नव्हतं. आज कुटुंबाचं जे आडनाव आहे ते पुष्कळदा त्याच पूर्वजाचं नाव असतं. त्यात लिहिणारा कारकून जसं ऐकेल तसं लिही. त्यामुळे 'उ'साठी कधी 'यू' तर कधी डच पद्धतीने 'ओ-ई', आणि 'ज'साठी 'जे' किंवा 'डी-जे', असं सगळं आलटून पालटून टाका. तरीही सापडलं नाही तर नाव बाजूला ठेवा आणि जहाज, साल, मळा यांवरून शोधा.

पारामारिबोचा खर्च मोठा आहे, पण तिथे मिळतं ते हेगमध्ये मिळत नाही: मधल्या पिढ्या. नोंदसूचीत फक्त समुद्र ओलांडून आलेला माणूस असतो. त्याची मुलं, नातवंडं, लग्नं यांसाठी तिथल्या नागरी नोंदणीचे दाखले हवेत. हेगमध्ये असलेलं सूरीनामचं जुनं दप्तरही स्कॅन करून २०१७ पर्यंत पारामारिबोला परत गेलं आहे. ज्यांना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांना भारत सरकार देतं ते) काढायचं आहे त्यांना ही पिढ्यांची साखळी जुळवावीच लागते. सूरीनामच्या भारतवंशीयांसाठी या कार्डाची पात्रता चौथ्यावरून सहाव्या पिढीपर्यंत वाढवत असल्याचं राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी जून २०२३ मध्ये पारामारिबोतच जाहीर केलं. फक्त गावाचं नाव हवं असेल, तर मात्र एवढा प्रवास करू नका.

पूर्वज आफ्रिकी असतील तर सगळंच वेगळं. गुलामगिरी १ जुलै १८६३ ला संपली. १८३० ते १८६३ ची गुलामांची नोंदवही मालकवार लावलेली आहे, म्हणून आधी मळा किंवा मालक माहीत हवा. आईचं नाव मिळू शकतं, बापाचं जवळजवळ नाहीच. मुक्तीच्या वेळी आडनावं दिली गेली, तेव्हा तिथूनच उलट मागे जायचं. ही वहीही २०१८ पासून ऑनलाइन आहे. माणसांना मालमत्ता म्हणून मांडलेलं ते पान घरच्यांसोबत बसून वाचा, एकट्याने नको.

आता भारत. जुन्या जिल्ह्यावर विसंबून थेट निघाल तर फसाल. नोंदीतला शहाबाद जिल्हा १९७२ मध्ये भोजपूर आणि रोहतास असा विभागला. जुन्या बस्ती जिल्ह्यातून पुढे सिद्धार्थनगर आणि संत कबीरनगर निघाले. फैजाबादचं नाव आता अयोध्या आहे. एकाच नावाची गावं तर ढिगाने. म्हणून ठाण्याचं नाव हा खरा धागा. ठाणं नकाशावर पक्कं करा, त्याच्या आसपासची त्या नावाची सगळी गावं लिहून काढा, मग निघा. जाताना नोंद देवनागरीत लिहून न्या. बापाचं नाव आणि जात दोन्ही लिहा, कारण गावातली जुनी माणसं टोला, म्हणजे गावातली वस्ती, जातीवरूनच ओळखतात.