एसटीपीसाठी पैसा: अनुदान घ्यावं की हॅम?

सव्वा लाख वस्तीच्या गावात एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचा, विषय निघाला की सभागृहातला पहिला सूर ठरलेला: अनुदान मिळतंय ना, मग बाकीचं कशाला? नगरपरिषदेच्या लेखा विभागात असताना या विषयाची टिप्पणी मीच लिहिली होती, आणि पहिल्या मसुद्यात माझाही कल अनुदानाकडेच होता.

अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी-सांडपाणी योजनेत एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराला खर्चाचा एक तृतीयांश केंद्राकडून मिळतो. हप्ते २०:४०:४० असे. उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय पुढचा हप्ता हलत नाही आणि तोवर ठेकेदार आपल्या दारात बसतो. पण ते सोसता येतं. त्या पैशावर व्याज तर नाही.

हॅम म्हणजे हायब्रिड अ‍ॅन्युइटी मॉडेल: ठेकेदाराने स्वतःचाही पैसा घालून प्रकल्प बांधायचा आणि पुढे तोच चालवायचा. गंगा स्वच्छतेच्या नमामि गंगे योजनेत वाराणसी, हरिद्वार, मथुरेला वापरलेली ही पद्धत. बांधकामाच्या काळात ४० टक्के द्यायचे, उरलेले ६० टक्के १५ वर्षांत व्याजासह, आणि चालवण्याचे पैसे वेगळे. एकूण बेरीज सभेपुढे ठेवली तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

माझं मत फिरलं ते एका ब्लोअरमुळे, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रामुळे.

आमचा जुना प्रकल्प अनुदानातूनच उभा राहिला होता. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपली, चाव्या आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात ब्लोअरचं बेअरिंग गेलं. जोडीचा दुसरा आधीपासूनच बंद. निविदा काढली, एकच आली. फेरनिविदा काढली तर आचारसंहिता लागली. ती उठली तेव्हा सही करणारे अभियंता बदलून गेले होते. सात महिने टाकीला हवा नाही, पाणी काळंभोर, आणि बायपासने सगळं थेट ओढ्यात. वीजबिल तेवढं कमी झालं, त्यावर एका सदस्यांनी आमचं अभिनंदनही केलं!

हॅममध्ये ते बेअरिंग चालवणाऱ्याच्या डोक्याला ताप. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की त्याचे पैसे कापले जातात, म्हणून तो सुटा भाग आधीच आणून ठेवतो. व्याजापोटी जास्त गेलेला पैसा मला त्या सात महिन्यांपुढे स्वस्त वाटला. दुसऱ्या गावाचं गणित वेगळं निघू शकेल, हे मान्य.

रोख्यांचंही पाहिलं होतं. पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले. गाझियाबादने २०२१ मध्ये सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देण्यासाठी ८.१ टक्क्यांनी १५० कोटींचे हरित रोखे काढले. पण आमची करवसुली पाहून पतमानांकन कोण देणार? जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जाचं व्याज तेव्हा नगण्य होतं, पण पुण्याचा सांडपाणी प्रकल्पाचा करार जानेवारी २०१६ चा आणि भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये. एवढा धीर महापालिकांनाच परवडतो.

हॅमची खरी मेख घरजोडण्यांत आहे. गटारं पोचली नाहीत तर प्रकल्प अर्धा रिकामा चालतो, हप्ता मात्र पूर्ण जातो. म्हणून आम्ही मलवाहिन्या आणि घरजोडण्या अनुदानात ठेवल्या, फक्त एसटीपी हॅमवर दिला, तोही दोन टप्प्यांत. एस्क्रो खात्यात (फक्त ठेकेदाराच्या देण्यासाठी राखलेलं बँक खातं) दर तिमाहीचा हप्ता आधी जमा ठेवावा लागतो. पगारालाच ओढाताण असेल त्या नगरपरिषदेने या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

करार करताना सगळ्यात जास्त अडलं ते वीज दरवाढीच्या कलमावर. दर वाढला तर भुर्दंड कुणी सोसायचा? तीन बैठका त्यातच गेल्या. शेवटी एवढं ठरलं: किती युनिट लागतील याची हमी ठेकेदाराची, युनिटचा दर आमच्या माथी.