नाडीचा वेग मोजणारी तपासणी: पुण्यातल्या दोन ठिकाणांचा अनुभव

आधी निकाल सांगते. साठी उलटलेली आहे, वरचा रक्तदाब चढा आणि खालचा कमी असा प्रकार आहे आणि डॉक्टरांनी सुचवलं आहे, तर रक्तवाहिन्यांच्या ताठरपणाची तपासणी जरूर करून घ्या. (यात मिनिटाचे ठोके नाही, तर नाडीची लाट धमनीतून किती वेगाने धावते ते मोजतात; वाहिनी जितकी ताठ, तितका वेग जास्त.) मात्र ती मान आणि जांघ इथल्या नाड्या मोजणाऱ्या केंद्रात करा. पॅकेजमध्ये उरकून घेऊ नका.

आमच्या ह्यांचं वय ६७. घरच्या यंत्रावर रक्तदाब १५८/७० च्या आसपास. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक उतारवयात ६० च्या पुढे गेला की डॉक्टर त्याकडे वेगळं लक्ष देतात, ह्यांचा ८८. मुलाने हौसेने एक मोठं हेल्थ चेकअप पॅकेज घेऊन दिलं होतं, त्यात ही तपासणी होती. तिथे सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, मग उपमा आणि चहा दिला आणि कप खाली ठेवतो न ठेवतो तोच ह्यांना आडवं करून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्ट्या बांधल्या. शेजारी पडद्याआड दुसऱ्या पेशंटशी मोठ्याने बोलणं चालू होतं. रिपोर्टमध्ये आकडा १७८० सेंटिमीटर प्रतिसेकंद आणि खाली लाल चौकटीत ‘रक्तवाहिन्यांचं वय ७९’. बाजूला मर्यादा छापलेली १० मीटर प्रतिसेकंद. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मला संताप आला तो त्या मर्यादेवर. १० मीटरची रेष मान ते जांघ या मोजमापासाठी आहे. दंड ते घोटा मोजताना पायातल्या स्नायुमय धमन्याही वाटेत येतात, त्या मुळातच जास्त ताठ असतात, त्यामुळे हा आकडा मोठाच येतो. जपानमध्ये ही पद्धत खूप वापरतात, पण तिच्या मर्यादा वेगळ्या आहेत: १४०० आणि १८०० सेंटिमीटर हे आकडे तिथले. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या रेषेशेजारी छापून माणसाला घाबरवणं हे अक्षम्य आहे. शिवाय तपासणीआधी तीन तास चहा, कॉफी, तंबाखू, जेवण काही नको आणि दहा मिनिटं शांत पडून राहायचं, हा या मोजमापाचा नियमच आहे.

मी पाणीपुरवठ्यात डिझाइनला होते, म्हणून या विषयात इतकी शिरले. पंप अचानक बंद पडला की पाइपातून दाबाची लाट धावते. पोलादी पाइपात ती सेकंदाला हजार मीटरच्या आसपास जाते, पीव्हीसीत तीनशे-चारशे. भिंत जितकी ताठ, लाट तितकी वेगवान. १८७८ साली मोएन्स आणि कोर्टेवेग या दोन डच संशोधकांनी हेच समीकरण लवचीक नळीसाठी मांडलं आणि आजही धमनीचा ताठरपणा त्याच तत्त्वावर मोजतात. पंपापासून निघणाऱ्या मुख्य पाइपावर आम्ही एअर व्हेसल, म्हणजे हवेची टाकी बसवतो, धक्का पोटात घेऊन प्रवाह सलग करायला. हृदयातून निघणारी महाधमनी तेच काम करते. ठोक्यासरशी फुगते, दोन ठोक्यांच्या मध्ये आकसून रक्त पुढे ढकलते. इंग्रज शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये धमन्यांची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या टाकीशी केली होती, हे वाचून मला फार आनंद झाला.

ही लवचीकता इलॅस्टिन नावाच्या तंतूंमुळे असते. शरीर ते मोठेपणी जवळजवळ नव्याने बनवतच नाही. दिवसाला सुमारे एक लाख ठोके झेलून ते तुटत जातात आणि भार कोलॅजन नावाच्या ताठ तंतूंवर येतो. मधुमेहात साखरेमुळे कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडतात, किडनीच्या आजारात भिंतीत कॅल्शियम साचतं. मग धक्का महाधमनीत जिरत नाही, तो थेट मेंदूच्या आणि किडनीच्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतो.

आता दुसरं ठिकाण. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली ते डेक्कन भागातलं लहानसं केंद्र. फोनवरच तपासणी करणाऱ्या ताईंनी सांगितलं, चहा घेऊन येऊ नका, सैल पायजमा घाला. खोलीत गेल्यावर ह्यांना पडायला सांगून दिवा मंद केला आणि खरोखर दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग रक्तदाब. छातीला ईसीजीच्या तारा. पेनासारखा प्रोब मानेवरच्या नाडीवर ठेवून ताईंनी मनगट किंचित फिरवत नेमकी जागा शोधली; पडद्यावरची वेडीवाकडी रेघ एकदम स्वच्छ लाटांची झाली. ते पाहताना मला फ्रेडरिक महोमेद आठवले. १८७० च्या दशकात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये नाडीच्या रेघा कागदावर उमटवून रक्तदाबाचा अभ्यास करणारा हा डॉक्टर. त्याचे आजोबा मूळचे पाटण्याचे.

मग जांघेतली नाडी, आणि त्यानंतर टेप. मी इथेच डोळे लावून बसले होते, कारण सगळी चूक इथे शिरते. ह्यांचं पोट सुटलेलं आहे. टेप पोटावरून वळवली असती तर अंतर चार सेंटिमीटरने सहज वाढलं असतं. ताईंनी टेप पोटाला न टेकवता वरून ताठ, सरळ धरली. ६२ सेंटिमीटर. त्याच्या ८० टक्के धरायचे असा २०१२ पासूनचा संकेत आहे, म्हणजे ४९.६. लाट दोन्ही जागी पोचण्यातला वेळेचा फरक ४३ मिलिसेकंद. भागाकार केला की ११.५ मीटर प्रतिसेकंद. टेप वळली असती तर तोच माणूस १२.३ वर गेला असता. मोजमाप पुन्हा घेतलं, जवळजवळ तेच आलं, तेव्हाच ताईंनी प्रोब खाली ठेवला.

११.५ म्हणजे काय? युरोपातल्या सोळा हजारांहून जास्त लोकांच्या २०१० च्या अभ्यासात साठीतल्या निरोगी माणसांचा सरासरी आकडा १०.३ होता, तिशीच्या आतल्यांचा ६.२. म्हणजे ताठरपणा आहे, पण पहिल्या रिपोर्टने भासवला तसा प्रलय नाही. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा की वेग १ मीटरने वाढला की हृदयविकार-पक्षाघाताचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढतो.

डॉक्टरांनी या आकड्यासाठी वेगळी गोळी दिली नाही आणि मला ते पटलं. फ्रान्समधल्या स्पार्ट नावाच्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०२१ मध्ये आले, ५३६ रुग्णांपैकी काहींचे उपचार नाडीच्या वेगाकडे पाहून ठरवले, काहींचे नेहमीप्रमाणे. हृदयविकार आणि किडनीच्या घटनांत लक्षणीय फरक दिसला नाही. धमनी सैल करणारं खास औषध शोधायचे प्रयत्न झाले, पण आज दुकानात तसं काही मिळत नाही. त्यांनी ह्यांची रक्तदाबाची जुनी गोळी, अटेनोलॉल, मात्र हळूहळू बदलली. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २००६ च्या कॅफे अभ्यासात दंडावरचा दाब जवळजवळ सारखा असूनही अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाच्या गटात महाधमनीतला दाब अटेनोलॉलच्या गटापेक्षा ४.३ अंकांनी कमी होता. (हे वाचून कुणी स्वतःहून गोळी बंद करू नका, अटेनोलॉल अचानक सोडणं धोक्याचं आहे.) बाकी मीठ कमी आणि रोज चालणं. लोणचं आणि पापड आमच्या ताटातून गेले, ह्यांना जड जातंय.

दर अडीच हजार, मेडिक्लेममध्ये परत मिळाले नाहीत. आयआयटी मद्रासमध्ये सोनोग्राफीचं चित्र न काढताच धमनीचा ताठरपणा मोजणारं छोटं उपकरण तयार झालं आहे, तसं काही तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलं तर फार बरं होईल. केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, पार्किंग नाही; रिक्षाने जा. ताईंना पाच पैकी पाच. रिपोर्टला चार, कारण त्यात वेग आणि रक्तदाब छापला होता, पण अंतर आणि वेळ नव्हती. मी मागितल्यावर त्यांनी पेनाने लिहून दिली. पुढच्या वर्षी त्याच यंत्रावर तुलना करायची तर हे दोन आकडे लागतातच, ते छापूनच द्यावेत एवढी केंद्राला विनंती.