स्लॅक: प्रकल्पाच्या संवादासाठी कितपत उपयोगी?

स्लॅक म्हणजे गटाने आपसात मेसेजवर बोलण्याचं ॲप. ते हाती आलं की लोक भराभर चॅनेल, म्हणजे विषयवार संवादाच्या खोल्या, उघडत सुटतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. कोणती माहिती, कोणाला, किती दिवसांनी, कोणी द्यायची आणि पोच कशी घ्यायची, एवढं आधी संवाद आराखड्यात लिहून ठेवलेलं नसेल तर महत्त्वाचा निर्णय नक्की कुठल्या चॅनेलमध्ये झाला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. संस्थेची रचना कशी आहे यावर स्लॅकचा उपयोग सर्वांत जास्त अवलंबून असतो, म्हणून इथे त्याच बाजूने त्याचं मोजमाप केलं आहे.

आधी थोडं गणित. 6 जणांच्या गटात दोघा-दोघांमधल्या संवादाच्या वाटा 15 होतात, 12 जणांत 66. माणसं दुप्पट, वाटा चौपटीहून जास्त. सगळ्यांना दिसणारं चॅनेल या वाटा एका जागी आणतं, आणि स्लॅकचं खरं बळ हेच आहे. पण गट खासगी मेसेजवरच काम उरकत असेल तर 66 वाटा तशाच राहतात.

जिथे माणसं विभागप्रमुखाच्या हाताखाली असतात आणि प्रकल्प व्यवस्थापकाकडे फक्त समन्वय असतो, तिथे स्लॅक जरा जपून वापरावं. व्यवस्थापक थेट डिझायनरला मेसेज टाकतो, तो भिडेखातर काम हातात घेतो, आणि प्रमुखाला ते कळतं विभागाचं ठरलेलं काम मागे पडल्यावर. यावर उपाय म्हणजे प्रत्येक विभागाचं काम मागण्यासाठी एकच चॅनेल ठेवायचं, वर्कफ्लो बिल्डर या स्लॅकमधल्याच साधनात छोटा फॉर्म करायचा (काय हवं, कधीपर्यंत, कोणत्या प्रकल्पासाठी) आणि माणूस नेमायचं काम प्रमुखावर सोडायचं. औपचारिक मंजुऱ्या मात्र ईमेलवर किंवा सहीच्या कागदावरच राहू द्याव्यात.

मॅट्रिक्स रचनेत स्लॅक सर्वांत जास्त कामी येतं. एका माणसाला दोन वरिष्ठ असतात आणि दोघांच्या सूचना वेगवेगळ्या वाटांनी येतात, हेच तिथलं मूळ दुखणं. त्यासाठी प्रत्येक प्रकल्पाला तीनच चॅनेल पुरतात: घोषणा, काम आणि निर्णय. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून प्रकल्पाचं नाव आधी, मग जोडरेघ आणि चॅनेलचा हेतू, असा एकच साचा सगळीकडे ठेवावा. घोषणा चॅनेलमध्ये लिहिण्याची परवानगी दोघा-तिघांनाच द्यावी. ही सोय पैसे भरून घेतलेल्या योजनेत मिळते. निर्णय चॅनेलमध्ये व्यवस्थापक आणि विभागप्रमुख दोघेही हवेतच. तिथे एका निर्णयाला एकच मेसेज, आणि त्यात काय ठरलं, कोणी ठरवलं, कधीपासून लागू आणि कोणाच्या कामावर परिणाम होणार, हे चारही मुद्दे आलेच पाहिजेत. वाद-चर्चा त्याखालच्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्या मेसेजला जोडलेल्या उत्तरांच्या साखळीत. विभागांचे युजर ग्रुप केले की टॅग करताना एकेकाचं नाव आठवत बसावं लागत नाही, पण हेही सशुल्क योजनेतच.

थ्रेडमुळे चॅनेल नीटनेटकं राहतं खरं, पण त्यातच माहिती हरवते. थ्रेडमध्ये सहभागी नसलेल्यांना उत्तराची सूचना जात नाही. चर्चेतून निर्णय बदलला तर शेवटचं उत्तर चॅनेललाही पाठवण्याची खूण न चुकता करावी.

स्लॅकमधली सर्वांत मोठी उणीव म्हणजे मेसेज कोणी वाचला हे ते दाखवत नाही. संवाद आराखड्यात पोचेला जागा असते, म्हणून नियम आपणच घालून घ्यावा लागतो: डोळ्यांचं चिन्ह म्हणजे वाचलं, बरोबरची खूण म्हणजे मान्य. ठरलेल्या मुदतीत खूण आली नाही तर फोन करायचा. टॅगमध्येही गफलत होते. ‘हियर’ फक्त त्या क्षणी ऑनलाइन असलेल्यांना गाठतो, ‘चॅनेल’ सगळ्या सदस्यांना. मुदत बदलल्याची बातमी ‘हियर’ने दिली तर दुसऱ्या पाळीतली माणसं जुन्याच तारखेवर काम करत राहतात.

प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या वरिष्ठांना स्लॅकमध्ये ओढू नये. त्यांना आठवड्यातून एकदा एक पानी अहवाल हवा असतो: प्रगती, खर्च, जोखीम आणि त्यांच्याकडून हवा असलेला निर्णय. बाहेरच्या पुरवठादाराला एका चॅनेलपुरतं पाहुणा म्हणून घेता येतं. सशुल्क योजनेत दर सदस्यामागे असे 5 पाहुणे मिळतात.

मोफत योजना गंभीर प्रकल्पाला पुरत नाही. तिच्यात मागच्या 90 दिवसांचेच मेसेज दिसतात, एक वर्षाहून जुने कायमचे पुसले जातात आणि बाहेरची ॲप जोडायची मर्यादा 10 आहे. सहा महिन्यांच्या कामात व्याप्तीचे (कामात काय धरायचं, काय नाही) निर्णय बहुधा पहिल्या महिन्यात होतात. वाद पाचव्या महिन्यात उभा राहिला, तर नेमकी तीच नोंद डोळ्यांआड गेलेली असते.

पूर्णवेळ प्रकल्पासाठीच बांधलेल्या गटात रोजचं काम सुरळीत चालतं, अडचण येते गट मोडताना. काम संपताच चॅनेल अर्काइव्ह करावीत, म्हणजे बंद करून जपून ठेवावीत. इतिहास शोधता येतो. डेटा बाहेर काढायची वेळ आली तर साध्या योजनेत फक्त सार्वजनिक चॅनेलचा मजकूर निघतो. खासगी मेसेजमध्ये ठरलेल्या गोष्टी त्यात नसतात, म्हणून त्या निर्णय चॅनेलमध्ये त्याच दिवशी उतरवून घ्याव्यात.