सुरक्षा क्लिनिक, नागपूर: गोळ्या पाच मिनिटांत, नवऱ्याला आणायला आठ दिवस

५ पैकी साडेतीन. सुरक्षा क्लिनिक म्हणजे सरकारी हॉस्पिटलातला गुप्तरोगांचा दवाखाना. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण तक्रार पण करायची आहे.

दोन महिने अंगावरून पांढरं जात होतं, आधी बर्डीवरच्या मेडिकलमधून क्रीम आणली, मग जाऊबाईंनी सांगितलेला काढा घेतला, काही फरक नाही, शेवटी इथे गेली. मी स्वतः धंतोलीत एका लॅबमध्ये कामाला आहे, तरी जायला दोन महिने लावले, बाकीच्या बायकांचं काय होत असेल बघा.

पाटी शोधून सापडत नाही. ओपीडीतल्या मामांना विचारलं तर अख्ख्या लाईनीसमोर ओरडले, "गुप्तरोगवाले का? तिकडं, कोपऱ्यात!" बाप्पा! नागपूरच्या उन्हात सगळ्याच बायका तोंडाला स्कार्फ बांधून फिरतात म्हणून वाचली.

आतली माणसं मात्र चांगली. काउन्सेलर ताईंनी आधी दार लावलं, पंखा माझ्याकडे वळवला, मग विचारायला लागल्या, पाळी चुकली का, कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे का, नवऱ्याला लघवीला जळजळ होते का. डॉक्टर मॅडमनी आतून तपासलं, गर्भाशयाच्या तोंडाला सूज आहे म्हणाल्या आणि करड्या रंगाची किट दिली, ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० एमजी, एकच डोस, त्यांच्यासमोरच घ्यायचा. गोळ्या फुकट, सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतलं तेही फुकट.

आता मी पडली लॅबवाली, म्हटलं मॅडम रिपोर्टच्या आधी औषध काहून देता? तर म्हणे, "रिपोर्ट येईपर्यंत थांबवलं तर परत येशील याची गॅरंटी काय?" गप्पच बसली, आमच्याच ड्रॉवरमध्ये न नेलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा पडून असतो. लॅब नसलेल्या दवाखान्यातही जमावं म्हणून लक्षणं बघून रंगाची किट द्यायची अशी पद्धत आहे, गुप्तांगावर जखम असेल तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनची पांढरी, हर्पिससारखे फोड असतील तर लाल. घरी येऊन वाचलं, टांझानियात म्वांझा भागातल्या गावच्या दवाखान्यांत असेच उपचार सुधारले तर एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, १९९५ चा अभ्यास आहे.

तरी एक खटकतंच. गनोरिया, क्लॅमिडिया हे संबंधातून लागणारे आजार बायकांमध्ये बरेचदा काही त्रासच देत नाहीत, मग ती बाई इथे येईल कशाला? आणि माझ्यासारखी आली तरी नेमका कोणता जंतू होता ते कळतच नाही. स्वस्तातली, तासाभरात रिपोर्ट देणारी टेस्ट इथे ठेवली तर किती बरं होईल.

खरी लढाई घरी. एकटीने गोळ्या खाऊन उपयोग नाही, परत तेच लागतं, म्हणून ताईंनी नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली, त्यावर आजाराचं नावसुद्धा नाही. कोणाकडून आलं ते शोधत बसू नका, आधी दोघं बरे व्हा म्हणाल्या. पण हा ऐकून राहिला का? "मले काही झालंच नाही तर मी काहून गोळ्या खाऊ?" आठ दिवस हेच. शेवटी शनिवारी आला, पार्किंगमध्ये गाडीवरच बसून राहिला, मग ताई स्वतः खाली येऊन घेऊन गेल्या.

एक स्टार पाटी आणि त्या मामांचा कापला. अर्धा नवऱ्याचा.