गच्चीवरचं हवामान यंत्र: नाशकात भारी, बर्फात फुस्स

दोन वर्षांपूर्वी मेन रोडच्या एका दुकानातून साडेआठ हजारांना घेतलं, गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर लावलंय. पावसाचं माप मस्त, आत सी-सॉसारखी छोटी वाटी असते, ०.२ मिमी पाणी साठलं की टक् करून कलंडते आणि तेवढं मोजलं जातं. शेजारी साधा डबा ठेवून ताडून पाहिलं, फरक किरकोळ. फक्त कबुतरांनी नरसाळं तुंबवलं की भर पावसात शून्य दाखवतं, साफ करत राहा.

आता खरी गंमत. जानेवारीत मनालीला जायचं होतं, दुकानदाराला विचारलं बर्फ मोजेल का, तर म्हणे "साहेब, बर्फ म्हणजे शेवटी पाणीच ना!" मला पण पटलं, काय सांगू. सोलांगला होमस्टेच्या अंगणात बांबूला बांधलं, रात्रभर बर्फ पडला, सकाळी नरसाळ्यावर पांढरी टोपी आणि डिस्प्लेवर ०.०. दुपारी लख्ख ऊन पडल्यावर टक् टक् सुरू, ४.८ मिमी "पाऊस"! शेजारी सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवला होता, त्यात १४ सेंमी बर्फ, गॅसवर वितळवला तर पाणी १२ मिमी. म्हणजे यंत्राने निम्म्याहून जास्त खाल्लं, आणि वेळ पण चुकीची.

डबा तरी पूर्ण खरा कुठे, बर्फाची भुरभुर इतकी हलकी की वारा मापाच्या तोंडावरून तिला उडवून नेतो. म्हणून वेधशाळावाले गरम होणारं किंवा वजनावर चालणारं माप लावतात, भोवती वारा अडवायला पत्र्याच्या पट्ट्या लटकवतात, आणि तुलनेसाठीचं माप तर लाकडी पट्ट्यांच्या दोन अष्टकोनी कुंपणांत असतं, बाहेरचं १२ मीटर रुंद! शिवाय डोंगरात एका जागेचा आकडा दुसरीकडे चालत नाही, आपल्याकडेच बघा ना, इगतपुरीला ३००० मिमीच्या वर आणि ४५ किमीवर शहरात ७००च्या आसपास. तिकडे सरळ वर बघणारं छोटं रडार पण ठेवतात, ढगातून काय खाली येतंय ते कळायला.

सेल थंडीत मान टाकतात, लिथियमचे घ्या.

नाशिकसाठी ४ स्टार, बर्फासाठी अर्धा. दुकानदाराला फोटो दाखवले तर म्हणतो हीटरवालं मागवून देतो, किंमत ऐकली आणि चहा पिऊन परत आलो.