चर्चचं विवाह न्यायालय: माझे १९ महिने

पाचपैकी साडेतीन तारे. धर्मप्रांताचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

कोर्टातून घटस्फोट झाल्यावर दोन वर्षांनी मी इथे अर्ज केला, चर्चमधलं लग्न मुळातच वैध नव्हतं असं चर्चकडून जाहीर व्हावं म्हणून. बाप्तिस्म्याचा दाखला, चर्चमधल्या लग्नाचा दाखला, कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत आणि आपली हकीकत आपल्या शब्दांत, एवढं लागतं. मी नवऱ्याच्या दारूबद्दल, मारहाणीबद्दल बारा पानं लिहून नेली होती. फादरांनी ती सगळी वाचली आणि विचारलं, "लग्न ठरलं तेव्हा घरात काय चाललं होतं?"

मला हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं. हा चर्चचा घटस्फोट नाही. लग्न कोणामुळे मोडलं हा तिथला मुख्य प्रश्न नसतो. वेदीपुढे 'होय' म्हटलं, त्या दिवशी ती संमती खरी होती का, हे तपासतात.

पप्पांचं डायलिसिस चालू होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत लग्न व्हावं म्हणून सहा आठवड्यांत सगळं उरकलं. बायका वाजतगाजत लग्नाच्या विधीसाठी उंबराचं पाणी आणायला निघाल्या, तेव्हा मी मावशीला पप्पांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून देत होते. हे सांगताना मला रडू फुटलं. फादरांनी टाइप करणाऱ्या सिस्टरना हातानेच थांबवलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मी पुन्हा बोलेपर्यंत ते गप्प बसून राहिले. कोर्टाच्या इतक्या तारखांत मला असं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. पुढे निकाल लागला तो कॅनन (चर्चच्या कायद्यातलं कलम) १०९५ खाली, माझ्याच त्या वेळच्या निर्णयशक्तीच्या गंभीर अभावावर. तो कागद पचायला मला बरेच दिवस लागले, पण तो खरा आहे.

आता तक्रार. साक्षीदारांची प्रश्नावली फक्त इंग्रजीत. माझी मुख्य साक्षीदार मावशी, चौथी शिकलेली. खटला माझा, मग तिचे प्रश्न मीच समजावून सांगणं बरोबर नव्हतं. तीन फेऱ्या घातल्या तेव्हा कुठे तिची साक्ष तोंडी, मराठीत घेतली. त्यानंतर आठ महिने एक ओळही कळवली नाही. फोन केला की "फाइल बंधनरक्षकांकडे आहे." लग्न वैध आहे अशी बाजू मांडणं हे बंधनरक्षकांचं काम, ते त्यांनी करावंच. पण आपलं प्रकरण कुठवर आलं हे माणसाला कळायला नको का? पहिला निकाल वर्षाच्या आत लागावा, असं चर्चचाच कायदा म्हणतो.

नवऱ्याने चर्चच्या न्यायालयाच्या पत्राला उत्तर दिलं नाही, तरी काम अडलं नाही. पूर्वी दोन न्यायालयांचा सारखा निकाल लागायचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती अट काढली, म्हणून अपील न झाल्याने माझं एकाच निकालावर भागलं. खर्च चार हप्त्यांत दिला, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची. तिने कुठेतरी ऐकून विचारलं, "मम्मी, लग्नच झालं नव्हतं, तर मी कोण?" मी फादरांना सांगितलं. त्यांनी तिला समोर खुर्चीवर बसवून, कॅनन ११३७ चं पुस्तक उघडून, तिला समजेल असं सांगितलं की तू आईबाबांची रीतसर लेक होतीस आणि आहेस. या एका गोष्टीसाठी एक तारा.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी आधी कोर्टाचा घटस्फोट घ्या. चर्चच्या निकालाने सरकारदरबारी लग्न सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. आणि नुसता घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन, म्हणजे मिस्सेत मिळणारा पवित्र प्रसाद, बंद होत नाही. मी बायकांचं ऐकून चार वर्षं मागच्या बाकावर बसून राहिले, तुम्ही बसू नका.

ओळखीच्या एका निवृत्त बाईंनी ती प्रश्नावली मराठीत करून दिली आहे. प्रत मी कार्यालयात ठेवून आले. खिडकीवर मागून घ्या.